आकडा वाढला म्हणून आईने गोळी सोडली

बाबांना जाऊन दीड महिना झाला. आई दिवसभर झोपून असायची, चेहरा सुजलेला, उन्हातही अंगावर गोधडी. भेटायला येणारे म्हणायचे, दुःखाने खचली. मलाही तेच वाटलं.

आज मुरबाडला डॉक्टरांनी आईच्या थायरॉईडचा नवा रिपोर्ट बघून विचारलं, "मावशी, गोळी घेताय ना?"

"नाय ओ. मागच्या रिपोर्टात टीएसएच वाढलेला, पोरगा बोलला. गोळीनंच वाढला असंल म्हणून सोडली."

"अहो, टीएसएच वाढतो तेव्हा थायरॉईड कमी पडत असतो, म्हणून ही सूज, ही थंडी. गोळी अशी सोडायची नाही!"

तो मागचा रिपोर्ट डॉक्टरांना न दाखवता मीच घरी वाचला होता.

उद्यापासून गोळी पुन्हा सुरू, उपाशीपोटी. तुमच्या घरात दुःखात असलेल्या माणसाच्या गोळ्या कोण बघतं?