गाडी न चालवणारी शकुनकाकू

शकुनकाकूला गाडी चालवता येत नाही. शिकावं असं तिला कधी वाटलंही नाही. पण आमच्या घरातली गाडी केव्हा निघेल, तिच्यात कोण बसेल आणि कोण मागे राहील, हे तीच ठरवते. त्यापायी माझे बाबा जवळजवळ वर्षभर तिच्याशी बोलत नव्हते.

शालिकरामकाका माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. अकोटहून हिवरखेडकडे जाताना रस्त्याला लागूनच आमचा मळा आहे. मळ्यात दोन घरं आणि मधे एकच अंगण. बाबा वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मेथी असा भाजीपाला बघतात. काका-काकू फुलं लावतात, झेंडू आणि शेवंती. माल टेम्पोने बाजारात जातो, त्यामुळे चारचाकीवाचून कोणाचं अडलं नव्हतं. काकांचा मुलगा कुंदन पुण्याला नोकरी करतो. त्याने स्वतःसाठी नवी गाडी घेतली आणि जुनी पांढरी गाडी आणून अंगणात लावली. "आता उन्हातान्हात बसची वाट पाहू नका," एवढं आई-वडिलांना सांगून तो परत गेला.

काका जन्मभर ट्रॅक्टर चालवलेले. ही गाडी त्यांना लगेच आली. किल्ली फिरवली की ती सुरू होत होती, आणि जोवर सुरू होते तोवर तिचं काही बघायचं नसतं अशी त्यांची समजूत होती. काकू मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसायची. काकांच्या शेजारी पुढे बसायला तिला अवघड वाटायचं.

मग त्या मे महिन्यात दोघं अकोल्याला एका साखरपुड्याला निघाली. ऊन असं की डांबर मऊ पडलेलं. अर्ध्या वाटेत एसीची हवा गरम यायला लागली आणि इंजिन किती तापलं ते दाखवणारा लहानसा काटा लाल खुणेकडे सरकला. काकांनी तो पाहिला होता, हे त्यांनी नंतर कबूल केलं. पण अकोला फार लांब नाही, पोचून जाऊ, असं त्यांना वाटलं. पुढे बॉनेटच्या फटीतून वाफ निघू लागली तेव्हा त्यांनी गाडी एका कडुनिंबाखाली थांबवली, बॉनेट उघडलं आणि हातात फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवायला लागले.

"थोडं थंड तं होऊ द्या," काकू म्हणाली.

"तुले काय समजते त्यातलं? पाणी टाकलं का झालं."

झाकण सैल होताच उकळतं पाणी फवाऱ्यासारखं उडालं. काकांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, मानेची एक बाजूही. काकूने जवळच्या बाटलीतलं सगळं पिण्याचं पाणी त्यांच्या हातावर ओतलं, मग रस्त्यात उभी राहून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवू लागली. दुधाच्या एका व्हॅनवाल्याने त्यांना अकोल्याच्या दवाखान्यात पोचवलं.

काकांचा हात बरा व्हायला पावसाळा उजाडला. त्या काळात रोज मलमपट्टी काकूच करायची. तिच्या मनात मात्र काहीतरी दुसरंच चाललं होतं. एका दुपारी आमच्या ओट्यावर लसूण सोलताना ती माझ्या आईला म्हणाली, "सत्यवतीबाई, गाडीच्या खाली हिरवं हिरवं पाणी पडे. मी रोज पाहो. वाटे, फवारणीचं औषध सांडलं असंन. फरशीवर पाणी टाकून धुऊन काढो."

"मंग त्याले तू काय करणार होती वं?" आईने विचारलं.

"इचारलं असतं कोणाले तरी."

ते हिरवं पाणी म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट होतं. एका जुन्या रबरी नळीला चीर गेली होती आणि ते थेंब थेंब गळत होतं. हे अकोटच्या ललितच्या गॅरेजमध्ये कळलं. नळी बदलून झाल्यावर गाडी आणायला माझा भाऊ मनोज गेला, आणि कोणी न बोलावता काकूही त्याच्याबरोबर गेली. मीही होते. ललित सगळं मनोजला सांगत होता. काकूने त्याला मधेच थांबवलं.

"मले दाखव. अंगणात मीच असतो दिवसभर."

ललितला घाई होती. समोर आणखी दोन गाड्या उभ्या होत्या. तरी त्याने बॉनेट उघडून भराभर बोटं दाखवली. हे कूलंटचं डबडं, दोन रेघांच्या मधे पाहिजे, आणि बघायचं ते सकाळी, गाडी गार असताना. ही ऑइलची पट्टी, पुसून पुन्हा बुडवायची आणि मग बघायची. हे ब्रेकचं तेल, हे कमी झालं तर स्वतः ओतत बसायचं नाही, गाडी इकडे आणायची. काकूने पट्टी त्याच्याकडून घेतली, पुसली, बुडवली, उन्हात धरून पाहिली. ललित पुढच्या गाडीकडे गेला तरी ती तिथेच उभी होती.

त्या दिवसापासून सकाळी फुलं तोडायला जाण्याआधी काकू गाडीपाशी थांबू लागली. फुलझाडावर कीड आली का हे ती पान उलटून बघते. गाडीकडेही ती तशीच बघायची. खाली ओलं आहे का, चाकाच्या कडेला चिरा आहेत का, काचेवरच्या वायपरचं रबर कडक झालंय का. सुरुवातीला तिच्या चुकाही झाल्या. एसीमधून ठिबकलेलं साधं पाणी बघून तिने भर बाजारात काकांना गाडी बंद करायला लावली. एकदा तर फवारणीचा पंप धुतो तसं तिने बॉनेट उघडून नळीच्या जोरात इंजिन धुऊन काढलं, आणि गाडी सुरूच होईना. ललित येऊन वायरी सुकवत बसला आणि हसत राहिला. काकू म्हणाली, "आता समजलं नं. आता नाई धुणार."

काकांना हे सगळं फारसं रुचत नव्हतं. पानठेल्यावर लोक त्यांना म्हणायचे, शालिकराम, तू ड्रायव्हर अन् वयनी मालक. टायर बदलायच्या वेळी तर घरात चांगलंच वाजलं. टायरच्या नक्ष्या अजून शाबूत होत्या, पण बाजूचं रबर भेगाळलं होतं. गाडी पुण्याला वर्षानुवर्षं उघड्यावर उभी राहायची.

"अजून दोन उन्हाळे चालते हे टायर," काका म्हणाले.

"चालंन. नाई चाललं तं?"

"तुले माह्या चालवण्यावर भरोसा नाई काय?"

काकूने त्यांच्या हाताकडे पाहिलं. भाजलेल्या जागी कातडी अजून गुलाबी होती. "तुमच्यावर हाये," ती म्हणाली. "टायरवर नाई."

त्याच आठवड्यात काका गाडी घेऊन ललितकडे गेले. टायर बदलले गेले. आणि मला वाटतं, त्याच सुमारास त्यांच्यात काहीतरी हललं. कारण पुढे जे झालं त्यात काका काकूच्या बाजूने उभे राहिले, आणि तेही स्वतःच्या मोठ्या भावासमोर.

माझ्या आत्याच्या मुलीचं, करिश्माचं, लग्न दर्यापूरला होतं. सकाळी अंगणात आम्ही सगळे नटूनथटून जमलो. काका, काकू, बाबा, आई, मनोज, त्याची बायको हर्षा, त्यांचा तीन वर्षांचा चंदन आणि मी. एवढी माणसं एका गाडीत बसतात यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. बाबा चंदनला कडेवर घेऊन सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसले.

काकू गाडीच्या दाराशी उभी होती. बाबा तिचे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती त्यांच्यासमोर पदर घेऊन, नजर खाली ठेवून, अगदी लागेल तेवढंच बोललेली. ती म्हणाली, "भाऊजी, लेकराले मांडीवर घेऊन पुढे बसू नका. मागे बसवू त्याले. अन् गाडीत पाचच जण बसतीन. बाकीचे बसनं जाऊ. मी जातो बसनं."

बाबांना पहिल्यांदा नीट ऐकूच आलं नसावं. मग ते म्हणाले, "शालिक, काय म्हणून राहिली ही?"

काका किल्ली हातात घेऊन उभे होते. ते म्हणाले, "बरोबर म्हणून राहिली, दादा. जोरात ब्रेक लागला तं पोरगं काचीवर जाईन. तुमच्या हातानं नाई धरल्या जाणार."

"आमी जीपच्या मागं लटकून गेलो दर्यापूरले. बैलगाडीत दहा-दहा जण गेलो. तवा कोणी मेलं नाई."

"बैलगाडी कुठं एवढी पळे, भाऊजी?" काकू म्हणाली. आवाज बारीक होता, पण ती दारातून हलली नाही.

बाबा उतरले. चंदनला हर्षाच्या हातात दिलं, टोपी नीट केली आणि कोणाशी एक शब्द न बोलता रस्त्याकडे चालू लागले. आई माझ्याकडे बघून त्यांच्या मागे गेली, मग मीही गेले. बस उशिरा आली, भरून आली. माझी नवी साडी चुरगळली आणि मला काकूचा खूप राग आला. गाडीत शेवटी काका, काकू, मनोज, हर्षा आणि मधे चंदन. काकू स्वतः बसने जायला निघाली होती, पण बाबाच निघून गेल्यावर जागा उरली म्हणून काकांनी तिला बसवून घेतलं.

दर्यापूरला मांडवात बाबा वेगळ्या पंगतीला बसले. नवरदेवाकडची एक जीप आमच्यानंतर आली. तिच्यातून माणसं उतरतच राहिली, टपावरूनसुद्धा. सगळी हसत, सुखरूप. बाबांनी ती जीप बोटाने आत्याला दाखवली आणि काकूला ऐकू जाईल असं म्हणाले, "पाह्य. झालं काय कोणाले काई?"

काकू ताटात वाढत होती. ती म्हणाली, "नाई झालं. बरं झालं."

तो वर्षभराचा अबोला तिथून सुरू झाला. एका अंगणात राहून बाबा गाडीकडे बघायचेही नाहीत. अकोटला जायचं तर बस, नाहीतर मनोजची मोटारसायकल. काकूने आईजवळ कधी तक्रार केली नाही, पण ती खंगली होती हे दिसत होतं. आपण मोठ्या माणसाचा मान चारचौघांत उतरवला, हे तिला डाचत होतं. आणि आपण चुकलो असंही तिला वाटत नव्हतं. या दोन्ही गोष्टी घेऊन ती रोज सकाळी फुलं तोडायची.

शेवंतीच्या वाफ्यात एकदा मी तिला विचारलंच. "काकू, त्या दिवशी तसं काहीच झालं नसतं. मग कावून एवढं ताणलं?"

"तेच तं कठीण हाये, बाई," ती म्हणाली. "तुया काकाचा हात भाजला म्हणून सारे म्हणतात, झाकण उघडाले नोको होतं. नसता भाजला तं कोणीच काई म्हटलं नसतं, मीबी नाई. काई न झाल्यावर कोणाले दाखवू मी, का हे टळलं म्हणून? मलेच नाई माईत टळलं का नाई ते."

मी भरलेली टोपली उचलून बांधावर ठेवली.

पुढच्या हिवाळ्यात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन अकोल्याला करायचं ठरलं. ऑपरेशननंतर धुळीत, बसच्या गर्दीत त्यांना आणायचं कसं, यावर आई आणि मनोज बोलत होते. काका अंगण ओलांडून आले आणि बाबांना म्हणाले, "दादा, उद्या सकाळी निघू." विचारलं नाही, सांगितलं. बाबांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

सकाळी ते येऊन मागच्या सीटवर बसले. शेजारी आई, पुढे मनोज. काकू येणार नव्हती. तिने फक्त मागचं दार उघडून बाबांसमोर पट्टा ओढून धरला. बाबांनी तो घेतला. खटका कुठे बसवायचा ते त्यांना नीट दिसेना, तेव्हा आईने लावून दिला.

"गयाले लागते हे," गळ्याशी हात नेत बाबा म्हणाले.

"थोडा खाली घ्या, भाऊजी. खांद्यावर."

त्यांनी पट्टा खाली घेतला. एवढंच झालं. माफी कोणी मागितली नाही, समजूत कोणी काढली नाही. ऑपरेशन नीट पार पडलं. परत आल्यावर डोळ्याला हिरवी पट्टी लावून बाबा ओट्यावर बसले होते, तेव्हा काकू चहा घेऊन गेली. कप हातात घेताना ते म्हणाले, "शकुन, येताना रस्त्यानं शालिक लई हळू चालवत होता. कटाळा आला."

"हो, भाऊजी," काकू म्हणाली आणि बाजूच्या खाटेवर बसली. वर्षभरात ती पहिल्यांदाच त्या ओट्यावर बसली होती. बाबा चहा पीत राहिले आणि यंदा शेवंतीला भाव कसा लागतोय ते विचारू लागले.