दोन गवंड्यांची कबर

"थांबा साहेब, दगडाला इचारू द्या," असं म्हणून तो दगडावर दोनदा थाप मारायचा आणि मगच उचलायचा. हातमोजे कायम कमरेला खोचलेले. सेफ्टी ऑफिसर दिसला की घाईघाईने चढवायचा, त्याची पाठ वळली की काढायचा. मी ओरडलो तर म्हणायचा, "मोजं घातलं की हाताला ऐकू येत न्हाई."

सोलापूरकडचा, पन्नाशी ओलांडलेला गवंडी. आम्ही त्याला मामा म्हणायचो. तुम्ही त्याला पहिल्यांदा पाहिलं असतंत तर हा माणूस दिवसभर झोपेतच असतो असं वाटलं असतं. मी त्याच साइटवर सर्व्हेअर होतो, आणि त्याचं मराठी इंग्रजीत करून सांगायचं कामही माझ्याकडेच होतं.

आखातात, दोहा शहरापासून दूर, खडकाळ माळावर आमच्या रस्त्याच्या आखणीत दगडांचा एक ढीग आला. ती फार जुनी कबर निघाली. उत्खनन करणाऱ्या परदेशी बाई आल्या. मशीन लावायचं नव्हतं, म्हणून दगड हाताने उतरवायला मामा. आठवड्याने आत एक सांगाडा सापडला. बाईंनी मोजमापं घेतली, हाडं पेटीत ठेवली. आता जागा रिकामी असल्याच्या कागदावर त्यांनी सही केली की दुपारीच ढीग सपाट होणार होता.

त्या सकाळी मॅनेजरने मला बाजूला घेतलं होतं. "और एक दिन भी लेट हुआ, तो इस गँग का कॉन्ट्रॅक्ट खलास. तुम्हारा भी." माझ्या डोळ्यांपुढे दोहातल्या अल अझीझिया भागातला आमचा भाड्याचा फ्लॅट आणि मुलीची शाळा आली.

बाईंनी पेन काढलं. मामा खड्ड्यात उकिडवा बसला होता. तळाच्या दगडांवर हात फिरवून तो वर न बघता म्हणाला, "साहेब, ह्ये दुसऱ्या गवंड्याचं काम हाय. वरचं येगळं, खालचं येगळं. खाली आनिक कुनीतरी हाय."

बाईंनी मला विचारलं, "काय म्हणतायत ते?"

मॅनेजर माझ्याकडेच बघत होता. माझ्या तोंडाला कोरड पडली.

"त्यांना पाणी हवंय," मी इंग्रजीत म्हणालो.

बाईंनी लगेच आपली बाटली खाली दिली. मामाने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला मान वर करवेना. त्याने झाकण उघडलं आणि सगळं पाणी दोन दगडांच्या फटीत ओतलं. बाटलीभर पाणी, पण वर थेंबभर साचलं नाही. खालून पोकळीत पडल्याचा आवाज तेवढा आला.

बाईंनी पेन खिशात ठेवलं आणि त्या गुडघ्यांवर बसल्या.

चार दिवसांनी खालची फरशी निघाली. तिच्याखाली आणखी एक माणूस होता, वरच्यापेक्षा कितीतरी जुना, गुडघे छातीशी घेऊन कुशीवर निजलेला. वरच्याला पुरणाऱ्यांनी ती फरशी हलवली नव्हती. तिच्यावर बारीक खडी नीट अंथरून मगच आपला माणूस ठेवला होता. मामा कडेशी वाकला. "त्यास्नी ठावं हुतं," तो म्हणाला, "म्हनून हळू ठिवलाय." त्याचे डोळे भरले होते, आणि माझेही.

रस्ता ढिगाला वळसा घालून गेला. मामाच्या गँगचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. माझं वाढवलं.

त्याला विमानतळावर सोडायला मी गेलो. वाटेत माफी मागायची ठरवून निघालो होतो, पण ट्रॉलीवर बॅगा चढेपर्यंत गावाकडच्या पाऊसपाण्याचंच बोलत राहिलो. शेवटी म्हणालो, "मामा, त्या दिवशी मी..."

"त्या दिवशी तुमी पानी मागितलंत म्हनून जमलं, साहेब," तो मध्येच म्हणाला. "न्हाईतर मी काय दावनार हुतो त्या बाईंना?"

आणि माझ्या पाठीवर हात ठेवून तो दारातून आत गेला. त्याला खरंच तसं वाटलं होतं, का तो मला माझ्या खोट्यातून सोडवत होता, ते मला अजून कळलेलं नाही. त्याच्या गावचा नंबर माझ्याकडे आहे. विचारायचं धाडस होत नाही.