तीन खोल्या आणि दिवसाला तीस फोन

दुर्गाघाटाच्या गल्लीत आमचं छोटंसं अतिथिगृह आहे. वर तीन खोल्या, खाली घरगुती जेवण. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्यांना साधा वरणभात मिळावा म्हणून मी मोठ्या हौसेने आमचा नंबर इंटरनेटवर टाकला. पाहुण्यांना तो कधीमधी सापडतो. पण कर्ज देणारे, विमा विकणारे, लॉटरी लागल्याचं कळवणारे, या सगळ्यांना तो तोंडपाठ आहे!

आधी चिडायचो. आता संध्याकाळी चहाला बसलं की आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको मंजिरी आणि पाठशाळेत चाळीस वर्षं संस्कृत शिकवून निवृत्त झालेले माझे वडील अप्पा, आज कुणाला कसला फोन आला ते सांगत बसतो. टीव्ही कित्येक दिवसांत लावलेला नाही.

*

एकदा सकाळी सकाळी एका मुलीने गोड आवाजात सांगितलं, "सर, बिझनेस बढ़ाने के लिए आपका लोन पास हो गया है!"

मी म्हटलं, "बढ़ाऊँ किधर? बाएँ मंदिर है, दाएँ पड़ोसी का मकान, पीछे गंगाजी."

तिने लगेच विचारलं, "सर, सामने?"

"सामने साँड बैठा है."

"कब तक बैठेगा, सर?"

*

आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं. तरीही अप्पांना फोन आला, "आपकी गाड़ी का इन्शुरन्स ख़तम हो गया है."

अप्पांनी नीट चौकशी केली. कुठली गाडी? पांढरी. कुणाच्या नावावर? माझ्या!

झालं. अप्पांनी माझ्याशी अबोला धरला. दुसऱ्या दिवशी जेवताना मंजिरीला म्हणाले, "विचार त्याला, गाडी रामनगरला ठेवलीय ना? नदीपलीकडे, म्हणजे घरच्यांना दिसायला नको!"

मी गंगेची शपथ घेतली. गाडी नाही, नव्हती, परवडणार नाही.

"मग तो माणूस कशाला खोटं बोलेल?" अप्पा म्हणाले. "तो तर तुला ओळखतही नाही!"

*

मंजिरी फोन घेते तेव्हा समोरच्याची मला दया येते.

"मैम, हम आपका होटल सर्च में सबसे ऊपर ले आएँगे. रोज़ दो सौ कस्टमर, गारंटी!"

"दो सौ?" मंजिरीच्या हातात लाटणं होतं. "रोटी कौन बेलेगा? तू आएगी?"

"मैम, मैं तो नोएडा में हूँ..."

"तो शाम की गाड़ी पकड़ ले. कल सुबह से काम शुरू!"

तिकडून फोन कट! आम्हाला कुणी घाबरून फोन ठेवल्याची ती पहिलीच वेळ.

*

पण सगळेच फोन खोटे नसतात, हे मला साताऱ्याच्या एका निवृत्त बाईंनी शिकवलं. त्या दिवशी दुपारपर्यंत अकरा फोन येऊन गेले होते. बारावा आला.

"नमस्कार, आम्ही..."

"नको!"

पुन्हा वाजला. "अहो, जरा ऐका तरी..."

"आम्हाला काही म्हणजे काही नको!" मी नंबरच ब्लॉक करून टाकला.

अर्ध्या तासाने दारात एक बाई उभ्या. मागे यजमान, त्यांच्या डोक्यावर बॅग. संकठा घाटापासून गल्लोगल्ली विचारत आले होते.

"तुम्हाला काही नको, ते कळलं," बाई म्हणाल्या. "आम्हाला पाणी हवंय!"

त्या दिवशी मंजिरीने त्यांच्यासाठी पुरणपोळ्या केल्या. बरोबर मोजून दोघांपुरत्या.

*

आणि हा सोमवारचा किस्सा. भाजी घेऊन घरी आलो तर मंजिरी दारात, चेहरा पांढराफटक.

"अहो, अप्पांना पोलिसांनी अटक केलीय. फोनवर!"

फोनवर खोटे पोलीस बनून म्हाताऱ्या माणसांना लुबाडतात, हे ऐकून होतो. धावत देवघरात गेलो. फोन तांब्याला टेकवून ठेवलेला. पडद्यावर वर्दीतला एक मिशाळ साहेब ओरडत होता, "कैमरे के सामने से हिलना नहीं! किसी से बात नहीं करना!"

"हम कहाँ हिल रहे हैं?" अप्पा शांतपणे म्हणाले. "अथर्वशीर्ष के इक्कीस पाठ हैं. चार हो गए थे. आप बीच में बोले, अब फिर पहले से."

मी फोन ओढायला गेलो. अप्पांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्याने मांडी घालून बसलो.

तास गेला. साहेबाने दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा जांभई दिली. बोलायला तोंड उघडलं की अप्पा बोट वर करायचे, "फिर पहले से?" साहेब गप्प!

एकविसावा पाठ संपला. अप्पांनी निरांजन लावलं, घंटा उचलली आणि फोनकडे वळले. "आरती है. टोपी उतारिए."

साहेबाने टोपी काढली.

"बैठे-बैठे?"

साहेब उभा राहिला. वर खाकी, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा!

"और कौन-कौन है वहाँ? बुलाइए सबको."

कानावरचे हेडफोन काढत बाजूने आणखी दोघं पडद्यात आले. तिघं टाळ्या वाजवू लागले.

आरती झाली. मी फोन बंद करायला हात पुढे केला, तर अप्पा ओरडले, "अरे थांब! त्यांची प्रदक्षिणा राहिलीय!"

पडद्यावर तिघंही हात जोडून जागच्या जागी गोल फिरत होते.