साळुंके साहेबांचा पासवर्ड

कुणी जवळ आलं की साळुंके साहेब खिशातली घाम पुसायची दस्ती काढून कॉम्प्युटरच्या पडद्यावर टाकत. जणू आम्ही नजर लावणार होतो! परभणीतल्या एका लहानशा इंटरनेट कंपनीत मी त्यांच्या हाताखाली काम केलं. इतका आपमतलबी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आमच्या दोन लाईन होत्या, एक नांदेडहून येणारी, दुसरी संभाजीनगरहून. मुख्य रूटरला बीजीपीत, म्हणजे नेटवर्कं एकमेकांना वाटा सांगतात त्या भाषेत, सांगावं लागे की आधी कोणती वापरायची. ज्या लाईनचा प्रेफरन्सचा आकडा मोठा, तिकडून आपला डेटा बाहेर जातो. उत्तरं कुठून परत यायची ते मात्र बाहेरचे ठरवतात. म्हणून नको त्या लाईनवर आपल्या नेटवर्कचाच नंबर पुन्हा पुन्हा जोडून ती वाट लांबची भासवायची; त्याला प्रिपेंड म्हणतात. जिंतूरला निघालेल्याला पिंगळीचा वळसा दाखवला, तर तो दुसरा रस्ता धरणारच. अवघड काही नव्हतं. पण साहेबांनी पासवर्ड कुणालाच दिला नाही. विचारलं की म्हणत, "हे तुमच्या डोक्याभाईरचं हाय. मी हाय म्हणून जिल्हा ऑनलाईन हाय."

एका दुपारी नांदेडची लाईन बिघडली. पुरती तुटली असती तर रूटरनं आपोआप दुसरी धरली असती. पण ती चालू होती आणि निम्मा डेटा वाटेत गळत होता. साहेबांनी संभाजीनगरचा प्रेफरन्स वाढवला, आणि घाईत प्रिपेंडही तिथंच लावला. आता मागणी चांगल्या लाईननं जायची आणि उत्तरं बिघडलेल्या लाईननं यायची. जिंतूरपर्यंत सगळं ठप्प. आमची वाट बाहेरच्या एका साइटवर दिसते, ती पाहून मी म्हणाले, "साहेब, प्रिपेंड नांदेडवर पाहिजे."

"खामोश बैस. लय शानी झालीस का?"

संध्याकाळी त्यांनी गुपचूप दुरुस्ती केली आणि मालकांना सांगितलं, सुवर्णानं रूटरला हात लावला. सुवर्णा फोनवर बसायची, दिवसभर लोकांच्या शिव्या खायची. आईबाप ऊसतोडीला जात. हातात कोयता नको म्हणून तिनं ही नोकरी धरली होती.

मी मालकांकडे गेले. पासवर्डच नाही, तर तिनं हात लावला कसा?

"समजायलंय मला," मालक म्हणाले. "पण साळुंके गेले तर रूटर कोण बघंल?"

सुवर्णाला काढलं. ती उसाच्या फडावर गेली.

यंदा साहेब हार्ट अटॅकनं गेले आणि पासवर्डही सोबत नेला. रूटर कोरा करून मी सगळं नव्यानं भरलं. दिवस मावळायच्या आत काम झालं. एवढ्यासाठी एका पोरीची नोकरी घेतली होती! माझा संताप संताप झाला.

सुवर्णाला फोन केला. साहेब वारल्याचं ऐकून तिनं एवढंच विचारलं,

"ताई, मरायच्या आधी त्यांनी सांगितलं का कुणाला, की मी केलं न्हाई म्हणून?"

"नाही."

"म्हंजी तिथं समदे अजून मलाच नाव ठेवायलेत."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शोकसभा होती. मालक मला म्हणाले, दोन शब्द बोला. मी उठले, सुवर्णाचं नाव घेतलं आणि त्या दुपारी साहेबांनी काय केलं ते पहिल्यापासून सांगितलं. पुढच्या खुर्चीवर त्यांची बायको रडत बसली होती. मी थांबले नाही.