सावली कोणाची

आमच्या आंब्याची एक फांदी शेजारच्या काकूंच्या अंगणात गेली आहे. काकू रोज सकाळी तिथला पाला झाडतात, टोपल्यात भरतात आणि भिंतीवरून आमच्याकडे ओततात. वर "तुमचा पाला, भाऊ!" असं ओरडून सांगतात. उन्हाळ्यात पडलेले आंबेही त्याच टोपल्यातून येतात. एकसुद्धा चाखत नाहीत. एकदा मी वैतागलो आणि कुऱ्हाड घेऊन शिडीवर चढलो. फांदीखाली काकू बाजेवर तूर निवडत बसल्या होत्या. हलल्याच नाहीत.

"फांदी कायले तोडून राह्यले जी? पाला तुमचा, आंबे तुमचे. पन सावली तं आमची हाय ना!"

मी कुऱ्हाड घेऊन खाली उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाला वेळेवर आला.