गिरणी चालू हाय

यमुनाताईंच्या कानात काही सांगायची सोय नव्हती. तुम्ही वाकून हळूच म्हणालात, "ताई, जरा खासगी होतं," की त्या सगळ्या गिरणीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "खासगी? काय खासगी?" आणि मग तुमचं वाक्य जसंच्या तसं, मोठ्यानं, तुम्हालाच परत ऐकवायच्या. डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. समोरचा गोरामोरा झाला की वर आणखी, "जोरानं बोल गो बाय, गिरणी चालू हाय." गंमत म्हणजे वीज गेलेली असो, पट्टा थांबलेला असो, वाक्य तेच. मला आधी वाटलं, आयुष्य घरघरीत गेलं, बाईला कमी ऐकू येत असेल. कसलं काय! मी एकदा पाठ फिरवून पुटपुटले, "आज पीठ जाडच आलंय," तर आतून उत्तर आलं, "चाळणी बदल तुजी."

आम्ही मुंबईतली जागा विकून पनवेलजवळ कामोठ्यात फ्लॅट घेतला, तेव्हापासूनची ही ओळख. आमचा सेक्टर संपतो तिथे जुनं गाव सुरू होतं आणि गावाच्या तोंडाशीच ताईंची गिरणी. मी घरी गणिताचे क्लास घ्यायची. पहिल्याच दिवशी दळण टाकताना त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. विचारलं काय, तर "मतदार यादीत नाव आलं का?" मी नाही म्हटल्यावर असं बघितलं, जणू मी चपला न घालता रस्त्यावर आले होते.

ताई कायमच्या उमेदवार. ग्रामपंचायत, पंचायत समिती, पुढे महापालिका, जी निवडणूक येईल तिला उभ्या आणि जी होईल तिच्यात पडलेल्या. चिन्ह दर वेळी निराळं. बायका विचारायच्या, "ताई, या वेळी काय?" "या वेळी पंखा. मागं कपबशी होती, ती फुटली." पत्रक कसलं छापणार? डब्यावर खडूने चिन्ह काढून द्यायच्या, तोच प्रचार. मागण्या मात्र बदलल्या नाहीत. बाजारात बायकांसाठी मुतारी, गावात वाचनालय, सगळ्या जातींना एकच स्मशान, आणि विधवेला हळदीचा मान.

त्यातली शेवटची मागणी म्हणजे त्यांची स्वतःची जखम. उरणकडच्या खाडीकाठच्या कोळ्यांची ही पोर, लग्न होऊन इकडे आली आणि काही वर्षांतच नवरा गेला. मागे राहिली गिरणी. गावात लग्न निघालं की हळकुंडं दळायला ताईंकडेच यायची. एका लग्नात दळलेली हळद घेऊन त्या स्वतः मांडवात गेल्या आणि नवरीच्या गालाला लावायला हात पुढे केला. नवरीच्या आत्याने तो हात सगळ्यांदेखत धरून मागे सारला. ताई सांगायच्या, "हळद मी दळायची आनि लावायची मात्र नाय! मंग मना राग आला." राग आला म्हणून त्यांनी ग्रामपंचायतीचा अर्ज भरला. मला हे फार आवडतं. आपण असल्या वेळी घरी येऊन उशीत तोंड खुपसतो.

"पण ताई, हरायला कशाला उभ्या राहता?" मी एकदा न राहवून विचारलं. त्यांनी गिरणीत गव्हाचं माप ओतलं आणि म्हणाल्या, "मी नाय उभी रायली तर तो बिनविरोध येल. बिनविरोध आलेला मानूस कोनाच्या दारात येत नाय. मी उभी रायली की त्याला तुमच्या पायऱ्या चढाव्या लागतात, हात जोडावे लागतात. तेवडं तरी चढू दे की!" मी हसले. त्या हसल्या नाहीत.

महापालिकेच्या निवडणुकीत आमच्या प्रभागातल्या महिलांच्या जागेवर एका शेठने आपल्या सुनेला उभं केलं. शेठ म्हणजे बंगला, डंपर, दहीहंडी, सगळं आलं. बाकीच्या इच्छुकांची त्याने आधीच समजूत काढली होती, कशी ते विचारू नका. अर्ज आले दोनच, एक सुनेचा आणि एक ताईंचा. अर्जावर सूचक म्हणून प्रभागातल्या मतदाराची सही लागते. ताईंच्या अर्जावर ती कोणाची? माझी, एव्हाना यादीत नाव आलं होतं. गावातल्या कोणाची सही घेतली तर त्याच्या घरावर येईल, तू सेक्टरातली, तुला कोण काय करणार, असं म्हणून ताईंनी दुपारी पेन हातात दिलं आणि मीही मोठ्या तोऱ्यात सही केली.

छाननीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सावंतकाका घरी आले. सभ्य माणूस, गणपतीत आरत्या म्हणणारा. चहा घेतला, मुलांची चौकशी केली आणि मग आवाज एकदम खाली आणला. "मॅडम, तुमच्या क्लासबद्दल कम्प्लेंट आलीय. रेसिडेन्शियल फ्लॅटमध्ये कमर्शियल. मी आतापर्यंत मॅनेज केलं. उद्या अकराला तुम्ही छाननीला गेलाच नाहीत, तर कुणाचंच काही बिघडत नाही. सही कुणाची, काय, ते बघून घेतील."

सूचक हजर नसली की सही खोटी म्हणायचं, अर्ज उडवायचा आणि सूनबाई बिनविरोध. इतकं सरळ होतं ते. आणि क्लास गेला तर आमचा घराचा हप्ता कुठून जाणार होता? नवरा म्हणाला, "तुला कोणी सांगितलं होतं भानगडीत पडायला?" त्याचंही खरंच होतं. मी पिठाचा रिकामा डबा उचलला आणि तडक गिरणीत गेले.

गिरणी बंद करायची वेळ झाली होती, तरी बायका होत्याच. मी ताईंच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "ताई, मला उद्या जमेलसं वाटत नाही." आणि डोळे मिटले. आता हे वाक्य सगळ्या गावाला ऐकू जाणार होतं.

काहीच ऐकू आलं नाही. डोळे उघडले तर ताई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी हात लांबवून खटका दाबला. आत दाणा नसताना गिरणी रिकामीच घरघरायला लागली. मग त्या माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "नाय आलीस तरी दळन माज्याकडंच आन. काय?" इतकी वर्षं ओळख होती, पण त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मी घरी आले आणि पोळ्या करता करता ढसाढसा रडले. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं हो.

सकाळी अकराला मी निवडणूक कार्यालयात गेले. कशी गेले ते मला विचारू नका, रिक्षात दोनदा परत फिरायचं मनात आलं. खोली गच्च भरलेली. पुढच्या खुर्चीत शेठ, बाजूला वकील आणि भिंतीशी सावंतकाका. त्यांनी मला पाहिलं आणि नुसती मान हलवली. ताई पहिल्या ओळीत ताठ बसल्या होत्या, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून. त्यांनी मागे वळून एकदाही पाहिलं नाही. मी आलेय हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

वकील उठला. "साहेब, सूचकाची ही सही त्यांची नाहीच, असं आमचं म्हणणं आहे. सूचक हजर आहेत का?"

अधिकाऱ्याने चष्म्यावरून खोलीत पाहिलं. मी वर्गभर पोरांवर ओरडणारी बाई, आमच्या मजल्यावरचे लोक दारं लावून घेतात असा माझा आवाज. पण तोंडातून "आहे" निघालं ते मलाच नीट ऐकू आलं नाही.

"कोण बोललं?" अधिकारी म्हणाला. वकील हसला. "कुणी नाही, साहेब."

ताईंची पाठ हलली. मागे न बघताच त्या म्हणाल्या, "जोरानं बोल गो बाय, गिरणी चालू हाय."

मग मात्र माझं काय झालं, देव जाणे. "सही माझी आहे!" मी ओरडले. "आणि आज इथे येऊ नका, आलात तर क्लास बंद करू, असं काल माझ्या घरी चहा पिऊन सांगणारे सावंतकाका ते तिथे भिंतीशी उभे आहेत!" खोलीतल्या सगळ्या माना भिंतीकडे वळल्या. सावंतकाका भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. अधिकाऱ्याने माझ्याकडून समोर पुन्हा सही करून घेतली, ताडून पाहिली आणि म्हणाला, "अर्ज वैध." मी तिथेच बाकावर बसले.

निवडणूक झाली आणि ताई पडल्या, आपटून पडल्या. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला गिरणी उघडली. माझ्या क्लासला सोसायटीने बंदी केलीच. मग माझी पोरं गिरणीच्या मागच्या खोलीत लसावि-मसावि शिकली. घरी जाताना सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या असायच्या आणि उत्तरं मात्र सगळी ओरडून द्यायची सवय लागली.

पुढे नगरसेवकांची मुदत संपली, पण निवडणूक काही लागेना. वर्षामागून वर्षं गेली. ताई चिडायच्या. "आता हरायची पन सोय ठेवली नाय!" त्यांचा दमा वाढत चालला होता. जन्मभर पीठ छातीत गेलेलं. शेवटी निवडणूक लागली, तेव्हा त्या इस्पितळात होत्या आणि आवाज पार बसला होता. गावात पुन्हा तीच कुजबुज, शेठची सून या वेळी बिनविरोध.

मी भेटायला गेले. त्यांनी बोटाने जवळ बोलावलं. मी कान नेला. नुसता वारा आला, पण शब्द कळले.

"काय?" मी सवयीने मोठ्यानं म्हटलं. "मी उभी राहू? निवडणुकीला?"

सगळा वॉर्ड वळला. नर्स थांबली, पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. ताईंचे खांदे हलत होते. बिनआवाजाचं हसत होत्या. त्यांनी बोट फिरवून सगळ्यांकडे दाखवलं, म्हणजे ऐकलं बरं का सगळ्यांनी.

मी अर्ज भरला त्याच आठवड्यात त्या गेल्या. गावातल्या बायकांनी त्यांच्या कपाळाला, गालांना हळद लावली. अडवायला कोणी पुढे आलं नाही.

प्रचाराच्या एका दुपारी आमची बेल वाजली. लिफ्ट बंद होती. दारात शेठची सून, घामाने चिंब, कठड्याला धरून उभी. तिच्यामागे सावंतकाका धापा टाकत. तिने हात जोडले आणि अगदी हळू म्हणाली, "तुमचं मत तर तुम्हालाच जाणार, मला माहितेय. पण घरात आणखी कोणी असेल तर..."

मी तिला आत बसवलं, पाणी दिलं. ती पाणी पीत असताना उघड्या दारातून तिने चढलेल्या चार मजल्यांच्या पायऱ्या दिसत होत्या आणि मला रडू आवरेना. तिला वाटलं, मी हरायच्या भीतीने रडतेय. बिचारीने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बोला," मी डोळे पुसून म्हटलं. "पण जरा जोरानं बोला."