वजावटरावांनी भरलेला कर

आमच्या गल्लीतल्या चष्मेवाल्याला वजावटराव हे नाव मी ठेवलं, आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही. गिऱ्हाईक आरशात बघून फ्रेम कशी दिसते म्हणून विचारायचं, तर हे त्यालाच उलट विचारायचे, "यंदाची करबचत उरकलीत का?" माणूस घाबरून पहिलीच फ्रेम घेऊन बाहेर पडायचा. धंदा बहुधा त्यामुळेच चालत असावा.

आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यात बाकीचे दुकानदार सुतकी चेहऱ्याने हिशेब करतात. वजावटराव मात्र फुलून यायचे. विमा, पाच वर्षांची ठेव, निवृत्तीचा फंड, जिथे जिथे पैसे ठेवल्याने कर कमी होतो तिथे तिथे त्यांनी ते ठेवलेच. आणि सगळं अगदी कायद्याला धरून. बिल नको, थोडं कमी करा, असं कोणी म्हणालं की हे त्याचा जुना चष्मा पुसून त्याच्या हातात परत देत. कायद्याने सोडलेला पैसा सोडायचा नाही आणि न सोडलेल्याला शिवायचं नाही, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

वहिनी दुकानात काउंटर सांभाळायच्या. त्यांना एकदा समुद्र बघायचा होता. दरवर्षी विषय निघाला की वजावटराव विचारत, "हे कुठल्या कलमात बसतं?" लग्नाला होकार देतानाही या माणसाने कलम विचारलं असणार, असा मला दाट संशय आहे.

तर एके दिवशी दुकानाच्या जागेचे मालक काठी टेकत आले. म्हणाले, जागा विकतोय, पहिला हक्क तुमचा. पण महिनाअखेरपर्यंत निम्मी रक्कम हवी, नाहीतर समोरचा मोबाइलवाला तयारच आहे. बाकीची निम्मी बँक कर्जाऊ देणार होती. पण ही निम्मी आणायची कुठून? ठेवीची मुदत संपायला तीन वर्षं, विम्याची त्याहून जास्त आणि फंड थेट म्हातारपणी. पैसा होता हो, पण वजावटरावांची आणि त्यांच्याच पैशाची भेट होत नव्हती. पंचवीस वर्षांचं दुकान हातचं जाणार अशी चिन्हं दिसू लागली. काळजी मलाही लागली होती, कारण त्या दुकानातल्या बाकावर बसून मी गावभरच्या बातम्या गोळा करतो. मोबाइलवाला मला उभंही करणार नाही.

करसल्लागार बाईंनी वाट दाखवली. फंड मुदतीआधी मोडता येतो. मात्र त्यावर इतकी वर्षं घेतलेली वजावट सगळी एकदम उत्पन्नात धरली जाते आणि तिच्यावर कर भरावा लागतो. माफी फक्त गंभीर आजारपणात. वजावटराव ऐकून घेऊन दुकानात आले आणि एकच काच इतका वेळ पुसत बसले, की मला वाटलं ती आता झिजून संपते.

संध्याकाळी त्यांचा मेहुणा आला. हा नेमकं काय करतो ते मलाही अजून कळलेलं नाही, यावरून काय ते समजा. वहिनींनी दिलेला चहा पीत तो म्हणाला, "भावोजी, एक डॉक्टर आपल्या ओळखीचा आहे. उद्या दुपारपर्यंत तुम्हाला हृदयविकार होऊन जाईल."

वहिनी नवऱ्याकडे बघत राहिल्या. मीही. खोटं कशाला बोलू, बाकाच्या मोहाने मला त्या घटकेला वजावटरावांना थोडासा हृदयविकार व्हावा असं वाटून गेलं.

"म्हणजे मी आयुष्यभर आजारी?" वजावटरावांनी विचारलं.

"फक्त कागदावर हो."

"अरे, इतकी वर्षं मी कागदावरच जगलोय," ते म्हणाले. "तो तरी खरा राहू दे."

मेहुण्याने चहा संपवला आणि त्याला कुठेतरी जायचं असल्याचं आठवलं.

फंड मोडला. जागा त्यांच्या नावावर झाली. कर भरायच्या दिवशी दाढ काढायला नेतात तसं वहिनींनी त्यांना सोबत नेलं. परतले तेव्हा चेहरा पांढराफटक.

"फार दुखलं?" वहिनींनी विचारलं.

"बरंच," ते म्हणाले.

तेवढ्यात चष्मा न्यायला आलेल्या सल्लागार बाई सहज बोलून गेल्या, की जागेच्या कर्जावरचं व्याज धंद्याच्या उत्पन्नातून वजा होतं. वजावटरावांच्या चेहऱ्यावर रंग परत येताना मी या डोळ्यांनी पाहिला. कागद-पेन्सिल शोधायला त्यांचा हात खणाकडे गेला. वहिनींनी खण बंद केला आणि वर हात ठेवला.

"त्यातून जो कर वाचेल, तो समुद्रावर खर्च होईल," त्या म्हणाल्या.

वजावटरावांनी तोंड उघडलं. आता कलम येणार, मी पैज लावायला तयार होतो.

"कधी निघायचं?" त्यांनी विचारलं.

गेले, तेही आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यात. दुकान चार दिवस बंद होतं. बाक मात्र मी बाहेर काढून घेतला होता.